घरचे नाही म्हणतात

आमच्याकडे बाई स्वतः कधी नाही म्हणत नाही. साडी आवडली नसली तर दुकानदाराला ‘घरी दाखवून सांगते’, मंडळाच्या सहलीला जायचं नसलं तर ‘घरी विचारून पाहते’, आणि एखाद्या गोष्टीचं दार कायमचं लावायचं असलं तर ‘घरचे नाही म्हणतात’. अमरावतीत असो नाहीतर अकोल्यात, हे वाक्य कानावर पडलं की समोरची बाई पुढं काही विचारत नाही. घरचे म्हणजे कोण, कधी म्हणाले, का म्हणाले, काही नाही. एका विमावाल्याला मी हे वाक्य ऐकवलं तेव्हा घरात माझ्याशिवाय फक्त मांजर होती, आणि तिचा विम्याला काही विरोध नव्हता.

एका बाबतीत मात्र माझ्या घरचे खरोखरच नाही म्हणाले होते. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत मी तसं सांगत आले.

चोविसाव्या वर्षी अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत माझी शिक्षिका म्हणून निवड झाली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सासर अमरावतीचं, माहेर अकोल्याचं, वडील तिथं वकील. त्यांच्या घरी राहून शिकवायचं आणि शनिवारी अमरावतीला यायचं, इतकं ते सोपं होतं. नेमणूकपत्र हातात आलं आणि घरचे नाही म्हणाले. तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभा असायचा. हे मोर्शीहून आलेले, एका हातात संत्र्यांची थैली, दुसरा हात दाराच्या चौकटीला. म्हणाले, “नौकरी-गिवकरी काई नाई. काय कमी हाय तुले घरी?” मागून सासूबाईंनी मान डोलावली. मी एक शब्द न बोलता थैली घेतली आणि संत्री टोपलीत रचून ठेवली.

हे मी मुलीला सांगितलं, सुनेला सांगितलं, नातीला तर दोनदा. भाजीवालीलाही सांगितलं असेल. दर वेळी संत्री टोपलीत रचण्याच्या जागी माझा आवाज भरून यायचा. मी सांगू लागले की हे चष्मा काढून पुसत बसायचे. मला वाटायचं, शरम वाटते माणसाला. वाटू दे.

माझी जागा गेली ती माझ्या मैत्रिणीला. निवडीच्या यादीत ती माझ्याखाली होती. अकोल्याजवळच्या शेतकरी घरातली, बोलायला रोखठोक, विज्ञानाची. तिनं त्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, शेवटी शेवटी तिथली कॉम्प्युटरची खोलीही सांभाळली. तिला त्या जागेचा आनंद झाला तसा सलही राहिला. “तुह्या सासूच्या नाईवर माही नौकरी उभी हाय व,” असं ती दर दिवाळीला म्हणायची. आणि माझ्यासाठी म्हणून तिनं एक पण केला होता. आमच्या घरी यायची, माझ्याजवळ बसायची, पण सासूबाईंच्या पाया कधी पडली नाही. त्यांच्यासमोरून ताठ मानेनं जायची. सासूबाई मला विचारायच्या, “तुही मैत्रीन मायाशी बोलत काहून नाई व? मी काय केलं तिचं?” मी म्हणायची, “तिचा स्वभावच तसा आहे.” सासूबाई गेल्या तेव्हाही ती आली नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मंडळातल्या बायकांनी अकोल्यात एक कार्यक्रम ठरवला. ‘राहून गेलेलं’ असं नाव दिलं. प्रत्येकीनं आपल्या आयुष्यात राहून गेलेल्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आणि मागच्या पडद्यावर जुने फोटो, कागद दाखवायचे. पहिलं नाव माझं. “पुऱ्या अकोल्याले कयू दे, तुह्यावर काय बितली ते,” असं मैत्रीण म्हणाली. “जे असन ते सगळं घेऊन ये. निवडू मंग इथं.”

सगळं म्हणजे किती, ते तिला ठाऊक नव्हतं. ह्यांची नोकरी जुन्या दस्तांच्या खोलीत गेली, लोकांना नकला काढून देण्यात. निवृत्तीनंतर दुसऱ्यांचे दस्त संपले म्हणून यांनी घरातले काढले. ट्रंकेतले, कपाटावरचे, गादीखालचे, सगळे कागद स्कॅन करून जुन्या कॉम्प्युटरात भरले. प्रत्येक पानाची वेगळी फाइल, प्रत्येकीला क्रमांक आणि नाव. लग्नातल्या आहेराच्या यादीच्याच सतरा फायली. मुलीचा पहिलीचा निकाल, विजेची बिलं, माझ्या बाळंतपणातलं डिंकाच्या लाडवांचं प्रमाणसुद्धा.

हे सगळं अकोल्याला न्यायचं म्हणून मी एक चपटी काळी डबी आणली. नात तिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणते. डबीसोबत आलेली आखूड वायर मी इतकी जपून ठेवली की ती मलाच सापडेना. मग मोबाइल चार्ज करायची जुनी वायर लावून पाहिली. डबीचं भोक रुंद, ही वायर त्याच्या अर्ध्याच भागात बसली, पण बसली आणि दिवा लागला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला एक चार भोकांची पट्टी लोंबत असते, तिच्यातच माउस, तिच्यातच प्रिंटर. चौथ्या भोकात डबी दिली आणि बुधवारी सकाळी कॉपी सुरू केली. रविवारी सकाळची गाडी होती.

कॉम्प्युटर म्हणाला, नऊ तास. थोड्या वेळानं म्हणाला, चौदा तास. पोळ्या लाटून आले तर दोन मिनिटं. मी डबीची पिशवी शोधू लागले, तेवढ्यात एक दिवस आणि चार तास. इतकं बेधडक खोटं मी आयुष्यात एकाच माणसाला पचवताना पाहिलं होतं, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं होतं.

मग मी समोर खुर्ची घेऊन बसले. पडद्यावर कॉपी होणाऱ्या फाइलचं नाव दिसत होतं. इतकं सावकाश, की पॅसेंजर गाडीत बसून एकेका स्टेशनची पाटी वाचावी तसं. रेशनकार्ड जुने, पान दोन. नळजोडणी अर्ज. सायकल पावती. अकोला नेमणूकपत्र. ते पाहून मी जरा सावरून बसले. आणि पुढची पाटी आली: अकोला नकारपत्र, नक्कल, शेऱ्यासह.

शाळेला मी काही उत्तर पाठवल्याचं मला आठवत नव्हतं. लाजेनं पाठवलंच नाही, अशी माझी समजूत. मग नकार कोणी लिहिला? नक्कल, शेरा, ही भाषा कोणाची? घरात नकला काढणारा माणूस एकच होता, आणि तो बाहेर ओसरीवर बसून संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढत होता.

आतापर्यंत माझा राग एका वाक्यावर होता. तोंडी वाक्य एखाद्या वेळी निसटतं, तरुण होते, आई मागे उभी होती, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावलेलं. पण या माणसानं नाही म्हणून वर पत्र लिहिलं, माझ्या पाठीमागे शाळेला पाठवलं, आणि इतका व्यवस्थित की त्याची नक्कल ठेवली! आणि नंतर इतकी वर्षं माझ्या हातचं जेवला. मी त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं. पडदा पांढरा झाला, कॉपी थांबली, माउस गोठला. सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आहेराच्या यादीपासून.

मी मैत्रिणीला फोन लावला.

“काव, आवाज काहून असा?”

“ह्यांनी शाळेले नकारपत्र लिहिलं होतं. माह्या मांगं. नक्कल सापडली.”

“वाचलं?”

“उघडूनच नाही राहिलं नं! ते डबडं पुढं सरकून नाही राहिलं. असं वाटते रविवार इथंच होईन.”

“थांब. रडजो मंग. आंधी सांग, वायर कोनती लावली?”

“मोबाइलची.”

“अव भैताड!” तीस वर्षं पोरींवर चालवलेला आवाज होता तो. “रुंद भोकात बारकी वायर घातली तं पानी थेंबथेंबच येईन. डबीची वायर शोध. अन् डबी लावली कुठी? त्या पट्टीत? तिथं चौघं जन एका नळावर भांडून राहिले. काढ तिथून. कॉम्प्युटरच्या अंगात लाव. भोक काळं हाय का निळं?”

“पुढची सगळी काळी.”

“मांगं पाह्य.”

“मागं भिंत आहे.”

“मंग टेबल सरकव. भाऊजीले सांग.”

“या माणसाले मी आज पेलाभर पानीसुद्धा मागनार नाही.”

टेबल मीच सरकवलं. आखूड वायर डिंकाच्या डब्यात सापडली. कॉम्प्युटरच्या पाठीवर जाळ्यात गुरफटलेली दोन निळी भोकं होती. इतकी वर्षं जोराचा नळ घरातच होता आणि आम्ही थेंबाखाली भांडं धरून बसलो होतो. जाळं पुसून वायर लावली. वेग वाढला, पण मनासारखा नाही. पुन्हा फोन.

“तुह्याजवळ सगळी चिल्लर हाय नं,” मैत्रीण म्हणाली. “मोठी एक फाइल भरकन जाते. बारक्या हजार फायली असल्या का दर फाइलीपायी त्याले दार उघडा, जागा पाहा, नाव मांडा, दार लावा. ज्वारीचा दाना दाना घेऊन घरात नेऊन राहिली तू. पोतं भर. सगळं एका झिप फाइलीत कोंब, अन् ते एकच पोतं डबीत टाक.”

“मग ते पत्र कसं वाचू?”

“नोको वाचू.” तिचा आवाज बदलला. “इथंच उघडू. पडद्यावर. भाऊजीले पुढच्या खुर्चीत बसवू. मी मोठ्यानं वाचतो, तू फक्त त्यांच्या तोंडाकडं पाह्यजो.”

ही कल्पना मला इतकी गोड लागली की मी उघडायचा नाद सोडून दिला. शिवाय मजकूर मला पाठच होता, असं मला वाटत होतं. सत्तरीतली बाई सूड घ्यायला बसली की तिला चष्म्याचीही गरज वाटत नाही.

शुक्रवारी पोतं भरून झालं. पण मला आता वेगाची चटक लागली होती. इंटरनेटवर कुठंतरी वाचलं की डबीच्या सेटिंगमध्ये एक खूण बदलली की काम आणखी भराभर होतं. बदलली. आणि काय सांगू, पाहता पाहता ‘झालं’ आलं. मी टाळी वाजवली आणि त्याच हातानं डबी ओढून काढली. पुन्हा लावून पाहते तर पोतं फाटलेलं. फाइल दिसते, उघडत नाही.

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. दारातून पाहत होते वाटतं.

“झालं म्हनते तवा सगळं झालं नसते. अर्धं त्याच्या तोंडातच असते. लवकर झालं असं दाखवते ते, अन् मांगून लिहीत बसते. काढायच्या आंधी त्याले सांगा लागते. आपन कोनाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हनतो का नाई? तसं. खाली ते चिन्ह हाय, ते दाब. ते हो म्हनलं का मंग काढ.”

“तुम्ही नका शिकवू,” मी म्हटलं. “पाठीमागं लिहीत बसायची सवय कोणाला आहे ते कळलं मला.”

हे चष्मा पुसायला लागले. थोड्या वेळानं विचारलं, “कोनते कागद नेऊन राहिली?”

“सगळे.”

“सगळे?”

“सगळे. नकारपत्र धरून.”

मग म्हणाले, “तेवढं राहू दे नं.”

“का? भीती वाटते?”

“मले नाई,” असं म्हणाले आणि ओसरीवर गेले. हे उत्तर नीट ऐकायला हवं होतं. पण मी पोतं पुन्हा डबीत टाकत होते, आणि या वेळी ‘येतो’ म्हणून काढण्यात गुंतले होते.

रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडली. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला त्याचाही राग आला. फाशीच्या दिवशी माणूस इतका नीटनेटका कशाला? मूर्तिजापूरला यांनी मला चहा दिला, मी खिडकीबाहेर पाहत घेतला. डबी माझ्या मांडीवर होती, पर्समध्ये, पर्सला दोन्ही हात.

हॉल छोटा होता. चाळीसेक बायका. मैत्रिणीनं ठरल्याप्रमाणे यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, वर पाणीही विचारलं. मग मी बोलले. चौकट सांगितली, थैली सांगितली, संत्री टोपलीत रचली, आणि आवाज जिथं भरून यायचा तिथं आला. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मग मी म्हटलं, “हे तोंडी झालं. आता लेखी पाहू.” मैत्रिणीनं पोतं उघडलं आणि पत्र पडद्यावर आलं.

कार्बनचा निळा कागद. गोल गोल, एका रेषेत बसलेलं अक्षर. श चं पोट फुगलेलं. हे अक्षर ह्यांचं नव्हतं. यांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं.

मैत्रीण माइक धरून वाचू लागली. “‘आपले पत्र मिळाले. माझ्या घरच्या मंडळींची संमती नसल्याने मला ही जागा स्वीकारता येत नाही. क्षमस्व.’” ती थांबली. माझ्याकडं वळली. “सही तं तुहीच हाय व.”

“लिहून घेतलं असन पोरीकडून,” मागून एक बाई म्हणाली. “घ्यायचेच तवा.” सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथं थांबू शकले असते. पत्र माझ्याच बाजूनं बोलत होतं.

पण मी वकिलाची पोर. आमच्या वडिलांची सक्त शिकवण होती, पत्र कोणाला का असेना, खाली कार्बन घालून नक्कल ठेवायची आणि नकलेच्या तळाशी शेरा लिहायचा: कधी लिहिलं, घरी कोण होतं, पोस्टात कोणी टाकलं. मूळ पत्र लोकांसाठी, शेरा आपल्यासाठी. शेरा हा शब्द ह्यांच्या कचेरीच्याही आधी माझ्या माहेरचा होता, आणि तो मी विसरले होते. मैत्रीण शिक्षिका. समोर लिहिलेलं अर्ध्यावर सोडायची तिला सवय नाही. ती खालचं वाचत गेली.

“‘शेरा. पत्र आज दुपारी आले. घरी कोणी नाही. हे मोर्शीला, सासूबाई त्यांच्या माहेरी. उत्तर आजच स्वतः टाकले. आल्यावर सांगणे.’”

‘घरी कोणी नाही’ला तिचा आवाज मंदावला होता. ‘आल्यावर सांगणे’ तिनं माइक खाली करून वाचलं.

मी पुढच्या खुर्चीकडं पाहिलं. ठरलं होतं तसं, यांच्या तोंडाकडं. हे चष्मा पुसत होते.

आणि त्या निळ्या कागदावरून एकेक गोष्ट वर येऊ लागली. निवडीच्या वेळी नमुन्याचा पाठ घ्यायला लावला होता. समोर चाळीस पोरी. माझा आवाज गेला, खडू मोडला, मागच्या बाकावरची एक लांब वेणीवाली फिस्कन हसली. तरी निवड झाली. पत्र आलं तेव्हा मी एकटी होते, आणि आनंदाच्या आधी ती लांब वेणी आठवली. उद्यापासून रोज चाळीस पोरी. मग त्या चोवीस वर्षांच्या शहाणीनं काय करावं? दौतीजवळ बसली, सुंदर अक्षरात आमच्याकडच्या बायकांचं ते हुकमी वाक्य लिहिलं, ज्यांना विचारलंच नाही त्या घरच्यांच्या नावावर. कार्बन सरळ घातला. शेरा लिहिला. घाबरट होती, पण टापटीप! पुढच्या आठवड्यात हे संत्री घेऊन आले, ते मात्र खरं. दारात उभे राहून एवढंच विचारलं, “शाळेचं काई आलं का?” ती बया म्हणाली, “नाही.” आणि संत्री टोपलीत रचू लागली.

मैत्रिणीला तिनं ‘घरचे नाही म्हणतात’ सांगितलं. पहिल्या वर्षी ते खोटं होतं, पुढं ती सवय झाली, आणि मग कधीतरी त्या वाक्याला चौकट फुटली, थैली फुटली, सासूबाईंची मान हलू लागली. मी दगा देणारा माणूस शोधत आयुष्यभर समोर पाहिलं. ती पोट्टी माझ्याच अंगात बसून पोळ्या लाटत होती.

चाळीस बायका माझ्याकडं पाहत होत्या. पुन्हा चाळीस. आवाज पुन्हा जायला लागला. अजूनही म्हणता आलं असतं, सासरच्या धाकानं लिहिलं, विचारायची सोय तरी कुठं होती. ते बायकांना पटलं असतं, कदाचित जास्तच आवडलं असतं. ह्यांनी चष्मा डोळ्याला लावला आणि माझ्याकडं पाहिलं.

“शेरा खरा आहे,” मी म्हटलं. “घरी कोणी नव्हतं. नाही मीच म्हटलं. संत्र्यांची गोष्ट मी रचलेली आहे.”

कोणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरंच झालं. मैत्रिणीनं माइक टेबलावर ठेवला, माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “मी त्या माउलीच्या पाया नाई पडली व कधी. तिच्या मौतीले नाई आली. तुह्यापायी.” आणि पुढच्या बाईचं नाव पुकारायला गेली. त्यानंतर त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. डबी तिच्या कॉम्प्युटरलाच लागलेली राहिली, मागायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या गाडीत बोरगाव गेल्यावर मी यांना विचारलं, “कधीपासून ठाऊक होतं?”

“ट्रंक लावताना सापडलं. पोरगी शाळेत जात होती तवा.”

“आणि इतकी वर्षं माझं ऐकून घेतलं? पाहुण्यांसमोर, सुनेसमोर? मला मूर्ख ठरवत बसलात मनातल्या मनात?” मला खरंच राग आला होता. दगा देणाऱ्या माणसाला रागाचा हक्क नाही, हे डोक्याला कळत होतं. पण पन्नासेक वर्षं नाटक करणाऱ्याला समोरच्यानं पडद्यामागून पाहत राहावं, हाही दगाच की.

“तुम्ही सांगायला हवं होतं मला,” मी म्हटलं.

हे बाहेर पाहत होते. कापसाचं वावर मागं पळत होतं. “काय सांगतलं असतं? तू इचारलं नाई म्हून? अन् इचारलं असतं तं मी हो म्हनलं असतं का? म्या लय इचार केला त्याचा. नाईच म्हनलं असतं मी. आईनंही. म्हून म्हनलं, बोलू दे. खोटं बोलते, पन गलत नाई बोलत.”

माणूस आपल्यावरचा आळ खोटा ठरल्यावर सुटतो. हे सुटले नाहीत, स्वतःहून बसून राहिले. आणि मी? ह्यांना ते ‘नाही’ तोंडानं म्हणायला लावायची, भांडायची, कदाचित जिंकायची संधी त्या पोट्टीनं परस्पर पोस्टात टाकली. नंतर मी घरी शिकवण्या घेतल्या, पण एका वेळी एकच पोर. चाळीस एकदम कधी नाही. का, ते मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते तुम्हांला ठाऊकच आहे.

घरी आल्यावर मी सासूबाईंच्या फोटोसमोर उभी राहिले. सांगायचं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता, मी काय केलं तिचं? मी नुसता हार बदलला.

दीड महिना मैत्रिणीचा फोन आला नाही. मी दोनदा केला, तिनं उचलला नाही. मग एका सकाळी आला. ‘काव’ नाही, काही नाही.

“डबी बसच्या कंडक्टरजवळ देल्ली. अकराच्या गाडीनं येईन. घेऊन घे.”

“तुला काही काम होतं का तिचं?”

“माहे तीस वर्षाचे फोटो टाकले त्यात. वर्गाचे, सहलीचे, पोरींच्या गॅदरिंगचे. तुह्या जागेवरचे.” थोडं थांबून म्हणाली, “पोतं नाई बांधलं. एकेक टाकला. एकेकाले नाव देल्लं.”

“लय वेळ लागला असन.”

“लागला. तू बी पाह्यजो सावकाश. अन् पाह्याच्या आंधी घरी कोनाले इचारजो नोको.” हसली की नाही ते कळलं नाही. फोन ठेवला होता.

बसस्टँडवरून मी स्वतः डबी आणली. निळं भोक मागे तयार होतं, आखूड वायर डबीला लागूनच आली होती. मी ती काढली आणि मोबाइलची जुनी वायर शोधून चार भोकांच्या पट्टीत लावली. कॉम्प्युटर म्हणाला, अकरा तास. मी खुर्ची ओढली. पाट्या येऊ लागल्या. आठवी ब, पहिला दिवस. प्रयोगशाळा, फुटलेली नळी. सहावी क, हसरी लांब वेणी.

हे चहा घेऊन आले. वायरीकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं.

“मांगं निळ्यात लावून देऊ का? लवकर होईन.”

‘घरचे’ अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

“नाही,” म्हटलं. “मी नाही म्हणते.”